नाल्याकडच्या अकरा ओळी

मेडशीच्या उकंडरावांना मुलगा झाला तो ज्योत्स्नाच्या पाठीवर नऊ वर्षांनी. त्यामुळे शिवमला ‘नाही’ म्हणायची त्या घरात कुणाला सवयच लागली नाही. बावीस एकर वावर, दाराशी ट्रॅक्टर, बापाच्या शब्दाला गावात मान, आणि आई कस्तुराबाई अशी की पोराने अर्धी भाकरी टाकली तर तिला दिवसभर चैन पडत नसे. पोरगा देखणा होता, बोलायला गोड होता. फक्त भीती कशी ती त्याला वाटत नसे. दहावीत असताना पैजेवर त्याने उन्हाळ्यात तळ दिसणाऱ्या विहिरीत उडी मारली आणि मांडीचे हाड मोडून घेतले. पुढे मोटरसायकल आली तेव्हा घाटाच्या उतारावर तो दोन्ही हात सोडून गाडी चालवी, आणि मागे बसलेला घाबरून ओरडला की खूश होई.

कस्तुराबाई म्हणत, “एक दिवस तुले उचलून आनतीन लोकं.”

“आनतीन तं आनतीन,” तो म्हणे. “चालत याचे कष्ट वाचले.”

अकोल्याला डिप्लोमाला घातले, ते दुसऱ्या वर्षी सुटले. तिथल्या खोलीवर तो गांजा ओढायला शिकला, एवढेच शिक्षण त्याने पुरे केले. घरी परत आला तेव्हा त्याला काम नव्हते आणि काम शोधायची गरजही नव्हती. वावर भाऊसिंग सांभाळत असे.

भाऊसिंग गावाबाहेरच्या तांड्यावरचा. एकोणीस वर्षे तो उकंडरावांकडे सालदार होता. पाडव्याला साल संपायचे, आणि त्याच दिवशी कस्तुराबाईंच्या हातचे पुरणाचे जेवण झाले की नवे सुरू व्हायचे. लहानग्या शिवमला खांद्यावर बसवून पहिल्यांदा वावर दाखवले ते त्यानेच. तांड्यावर त्याचे स्वतःचे तीन एकर हलके रान होते. ते त्याची बायको गोमतीबाई आणि मुलगी मंजू करत. मंजू बारावीत होती आणि तिला नर्सिंगला जायचे होते. कुणी विचारले नाही तरी भाऊसिंग हे सांगत असे.

मंगरूळपीरच्या स्टँडजवळ गोलू नावाच्या एका तरुणाचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते. शिवम फोनची काच बदलायला गेला आणि दोन तास तिथेच बसला. गोलू बोलता बोलता माणूस जोखत असे. आधी त्याने ओढायला पुडी दिली. पुढच्या खेपेला म्हणाला, “मेडशीलेच जाऊन राह्यला ना? मंग एवढं पाकीट ढाब्यावर देऊन दे.” शिवमने पाकीट सीटखाली ठेवले, वाटेत नाकाबंदी लागली तेव्हा मुद्दाम गाडी थांबवून पोलिसाला ढाब्याचाच रस्ता विचारला, आणि पुढे गेला. हे ऐकून गोलू इतका हसला की आपण मोठे काही करून दाखवले असे शिवमला वाटले. पैशासाठी तो हे करत नव्हता. ज्याला पैसा हवा असतो तो कधीतरी पुरे म्हणतो. शिवमला पुरे म्हणायला कारणच नव्हते.

२०२१ च्या जूनअखेर गोलूने त्याला गांज्याचे बी दिले. नाल्याकडच्या टोकाला, रस्त्यावरून दिसत नाहीत अशा तुरीच्या अकरा ओळी होत्या. त्यांच्या मधल्या जागेत शिवमने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः खुरपे धरून ते बी लावले. रोपे गुडघ्याइतकी झाली तेव्हा त्यांच्यात गॉगल लावून उभा राहिला, फोटो काढला आणि गोलूला पाठवला. फोटोत मागे मोटरसायकलचा नंबरसुद्धा वाचता येत होता.

भाऊसिंगला त्याने आधीच सांगून ठेवले होते, “नाल्याकडच्या अकरा ओळीत जाचं नाई. कंपनीचं नवं बियानं हाय. त्यायचा मानूस येऊन पाह्यते.”

“फवारा?”

“फवारा नाई, निंदन नाई, काईच नाई.”

“निंदनबी नाई?” भाऊसिंग जरा थांबला. “बरं.”

त्याला एका परीने बरेच वाटले. घरात जाऊन तो कस्तुराबाईंना म्हणाला, “मालकीन, शिवमभाऊ आता वावरात ध्यान देऊन राह्यले.” त्या दिवशी कस्तुराबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

तूर दीड महिन्याची झाली की तिचे शेंडे खुडतात. दोन बोटे टोक काढले की झाड उंच जायचे सोडते, बाजूंनी फुटते, घेर धरते आणि शेंगा जास्त लागतात. पुढे वीस-पंचवीस दिवसांनी दुसरी खुडणी. हल्ली पाठीवर बॅटरी बांधून यंत्राने खुडतात. भाऊसिंग मात्र हातानेच खुडत असे आणि यंत्राला हसत असे. त्याची खुडलेली ओळ दोरी धरल्यासारखी एका उंचीची दिसे. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात सगळे वावर खुडून झाले आणि नाल्याकडच्या अकरा ओळी तेवढ्या काठीसारख्या वर निघाल्या. रोज जाता-येता त्या त्याच्या डोळ्यांत खुपू लागल्या. फवारा नको, निंदण नको, हे त्याने ऐकले होते. खुडू नको असे कुणी म्हटले नव्हते.

त्याच सुमारास शिवम चार दिवस अकोल्याला गेला. तेवढ्यात भाऊसिंगने त्या अकरा ओळी खुडल्या. तुरीत मधेमधे दुसरी रोपे दिसली. त्यांच्या पानाला पंजासारखी बोटे होती. त्याने ती अंबाडी धरली. तुरीत आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अंबाडी टाकायची पद्धत इकडची जुनीच आहे, आणि कोवळेपणी ती दोन पाने नीट पाहणाऱ्यालाच वेगळी दिसतात. भाऊसिंगच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, उजव्यात उतरत होता. अंबाडीचेही शेंडे खुडतातच, म्हणून त्याने त्या रोपांचेही खुडले आणि धुऱ्यावर ढीग घालून ठेवला.

शिवम परत आला आणि पाहून जागीच उभा राहिला. मग त्याने तो ढीग नाल्यात लोटला आणि गोलूला फोन केला. गोलू म्हणाला, “अबे, तुयावाला सालदार तं उस्ताद निंगला. बोलू नको त्याले काई.” शिवम बोलला नाही. त्याला त्यात गंमत वाटली. दुसऱ्या खुडणीच्या वेळी तो गावातच होता, म्हणून भाऊसिंग त्या ओळींत शिरला नाही. पुढचे दोन महिने ती गंमत वाढतच राहिली, कारण खुडल्यामुळे झाडे अशी फुटली की गोलूने ती येऊन पाहिली आणि नुसती मान हलवली.

१९ ऑक्टोबरला, मंगळवारी सकाळी, पोलिसांच्या दोन गाड्या नाल्याच्या बाजूने आल्या. सोयाबीन काढून झाले होते. तूर उघडी पडली होती. खबर कुणी दिली ते कधीच कळले नाही. शिवम हायवेवरच्या चहाच्या टपरीवर बसला होता. गाड्या वळताना पाहून तो पळून गेला नाही. गावातली चाळीस माणसे धुऱ्यावर जमली, त्यांच्यात तोही खिशात हात घालून उभा राहिला.

झाडे मोजली, एकशे सदतीस भरली. उपटून ओळीने ठेवली. अधिकारी खाली वाकून एक झाड फिरवून पाहत होता.

“हे शेंडे कुणी खुडले?” त्याने विचारले.

भाऊसिंग पुढे झाला. “म्याच खुडले, साहेब.”

“सगळे?”

“हो. एकबी नाई सोडला.” कामाबद्दल विचारले म्हणून तो सरळ सांगत होता. पोलिसांचे चेहरे पाहून त्याला उशिरा काही कळले आणि तो म्हणाला, “अंबाडी हाय साहेब थे.”

लोक हसले. अधिकारीही हसला. “अंबाडी समजून खुडलीस, तर भाजीला घरी का नाही नेलीस?”

“मालक घरी नव्हते. शिवमभाऊबी गावाले गेलते. इचारल्याबिगर भाजी नाई नेत मी.”

यावर लोक आणखी हसले. भाऊसिंगने डोळे बारीक करून गर्दीत शिवमला शोधले. सापडला तेव्हा त्याच्याकडे पाहतच राहिला, आता हा काही सांगेल म्हणून. शिवमने पाय बदलला.

तेवढ्यात उकंडराव आले. त्यांनी झाडे पाहिली, मग मुलाकडे एकदाच पाहिले, आणि अधिकाऱ्याला म्हणाले, “नाल्याकडचे दोन एकर बटईनं देल्ले हाय भाऊसिंगले. त्याच्यात काय पेरलं, मले माहीत नाई.”

बटई म्हणजे अर्ध्या पिकाच्या बोलीवर कसायला देणे. अशी बोली तोंडीच होते, कागद लागत नाही. अधिकाऱ्याने ते लिहून घेतले. भाऊसिंग मालकाकडे बघत होता. “मालक,” तो म्हणाला. गाडीत चढताना त्याला पायरी नीट दिसली नाही, तेव्हा एका शिपायाने हात दिला.

घरी आल्यावर उकंडरावांनी दार लावून घेतले. शिवम मार खायच्या तयारीने उभा होता. त्यांनी हात उचलला नाही.

“कोनाची हायेत?”

“मायी.”

“आजपासून नाईत. ज्योत्स्नाकडे जाय. दुपारच्या बसनं.”

“अन् भाऊसिंग?”

“वकील देतो त्याले. घरी धान्य पाठवतो. दोन-चार महिन्यांत सुटन थो. तू सुटशीन का?”

आई आत होती. तिने सगळे ऐकले आणि मुलाची पिशवी भरली.

बहीण ज्योत्स्नाचे सासर अनसिंगला. शिवम तिथे साडेपाच महिने राहिला. गोलूने नंबर बदलला होता. पुड्या बंद झाल्या. पहिले तीन आठवडे त्याला झोप लागली नाही आणि अन्न गेले नाही. ज्योत्स्नाने त्याला कावीळ झाली असे सासरी सांगितले. त्यानंतर तो बरा झाला, आणि बरा झाला हेच त्याला जड जाऊ लागले. आधी डोके जड असे. आता दुपारच्या शांततेत सगळे नीट आठवे: बारीक केलेले डोळे, गर्दीत शोधणारे. भाऊसिंगच्या जामिनाचा अर्ज एकदा फेटाळला गेला. वकील पुढची तारीख लांबवून घेत होता. कुणाच्या सांगण्यावरून, ते शिवमने विचारले नाही.

२ एप्रिलला पाडव्यासाठी तो मेडशीला आला. दारात गुढी उभारली होती. जेवणे व्हायची होती, तेवढ्यात गोमतीबाई अंगणात आली. डोक्यावर गाठोडे होते. मागे मंजू गव्हाचे पोते सायकलवर टाकून ढकलत आणत होती. दोघींचे हात आणि चेहरे उन्हाने काळवंडले होते. दिवाळीनंतर त्या ऊसतोडीला गेल्या होत्या, चार दिवसांपूर्वी परतल्या होत्या.

पाडव्याला साल संपते आणि साल सोडणारा सालदार मालकाच्या वस्तू परत करतो. गोमतीबाईने ओसरीवर गाठोडे सोडले आणि एकेक वस्तू काढून मांडली. घोंगडी. विळा. बॅटरी. गोठ्याची किल्ली, दोऱ्यात ओवलेली. पावसाळी बूट, धुऊन वाळवलेले. मग मंजूने पोते उतरवले. उकंडरावांनी ऑक्टोबरात पाठवलेले तेच पोते. त्याची शिवण उसवलेली नव्हती.

“गोमती, हे कायले आनलं?” कस्तुराबाई म्हणाल्या. “हे तं तुमाले देल्लं होतं.”

“आमचं साल सरलं, मालकीन.”

“भाऊसिंग कसा हाय?” हे विचारले उकंडरावांनी.

“भेटले परवा. डोयाचं तं दिसतच नाई आता जास्त. सामान परत दे म्हने पाडव्याले, राहू देऊ नको घरात.” तिने रिकामे गाठोडे झटकले आणि घडी घातली. “अन् म्हने, मालकाले सांग, त्या अकरा ओळीची दुसरी खुडनी राह्यली. माफी असावी म्हने.”

तूर कापून, झोडपून, विकून तीन महिने झाले होते.

मंजू शिवमकडे पाहत होती. “बारावीचे पेपर झाले न गेल्या महिन्यात,” ती म्हणाली. “सोपे गेले म्हने सगळ्याले.” आणि तिने सायकल वळवली.

“जेवून जा वं,” कस्तुराबाई म्हणाल्या. दोघी फाटकाबाहेर गेल्या होत्या.

त्या दिवशी पुरण वाढले गेले, पण ताटे तशीच उठली. शिवमने बापाला सांगितले की तो सोमवारी पोलिसांकडे जाणार. उकंडराव सुरुवातीला समजावत होते. मग म्हणाले, “दहा वर्ष होऊ शकते तुले. समजते का तुले दहा वर्ष?”

“त्याले होऊ शकते का नाई?”

“अन् मी जबाब देला थो? मले खोटा पाडशीन?”

कितीतरी गोष्टी शिवमने विचार न करता केल्या होत्या. ही तो विचार करून करत होता, आणि ती तितकीशी अवघड वाटली नाही, याचे त्याला नवल वाटले. सोमवारी सकाळी आईने पुन्हा पिशवी भरली. या वेळी तिने जाड सतरंजी आणि दोन टॉवेल घातले. कुठे लागतील ते तिने कुणाला विचारले नव्हते.

ठाण्यातल्या अधिकाऱ्याला आधी खरे वाटले नाही. “सालदाराच्या बायकोने पाठवलं का?” शिवमने फोन पुढे केला. फोटो तसाच होता. बेफिकीर माणूस पुसून टाकायचेही विसरतो. रोपांत उभा असलेला तो, गॉगल, मागे गाडीचा नंबर, वर तारीख, आणि खाली गोलूचे उत्तर.

पुढे दंडाधिकाऱ्यांसमोर नेले. त्यांनी विचारले, कुणाचा दबाव आहे का? कबुली दिली तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल, हे माहीत आहे का? आणि विचार करायला एक दिवस दिला. त्या दिवशी बापाचा वकील येऊन भेटला. सही करू नकोस, अजून काही बिघडलेले नाही, म्हणाला. शिवमने त्याला घरच्या म्हशीचे विचारले, ती व्यायला झाली होती. दुसऱ्या दिवशी त्याने तेच सांगितले आणि सही केली. झाडे माझी. वावर बटईने दिलेले नव्हते. भाऊसिंगने अंबाडी समजून खुडले, आणि हे मला ऑगस्टपासून माहीत होते.

त्याला वाशीमच्या तुरुंगात ठेवले. भाऊसिंग अजून तिथेच होता. सकाळी अंगणात भिंतीला हात लावत तो चालत होता. शिवम समोर गेला आणि म्हणाला, “काका.” लहानपणानंतर त्याने ही हाक मारली नव्हती. एरवी नुसते भाऊसिंग म्हणे.

भाऊसिंगने मान तिरकी करून पाहिले. “कोन, शिवमभाऊ?”

“मायी होती थे झाडं. सांगून देलं मी साहेबाले.”

“मले माहीत हाय तुमची होती थे.”

“केव्हापासून?”

“मालकानं बटई म्हनलं, तवापासून.” तो भिंतीकडे वळला. “मंजूची परीक्षा गेली,” म्हणाला आणि भिंतीला हात लावत पुढे निघाला. त्यानंतर स्वतःचा जामीन होईपर्यंतच्या अठ्ठावीस दिवसांत तो शिवमशी बोलला नाही. जेवायला रांगेत पुढे-मागे आले तरी बोलला नाही.

खटला सव्वा वर्ष चालला. भाऊसिंग निर्दोष सुटला. शिवमला दोन वर्षे दहा महिन्यांची शिक्षा झाली. स्वतःहून हजर झाला, वय कमी, पहिलाच गुन्हा, हे न्यायालयाने धरले. गोलू पुण्यात सापडला आणि त्याला जास्त झाली. उकंडरावांनी खोटा जबाब दिल्याचा वेगळा खटला उभा राहिला. तो अजून चालू आहे. तारखेला ते पांढरे कपडे घालून बसने जातात आणि बसनेच परत येतात. गावात आता त्यांचा शब्द कुणी विचारत नाही आणि तेही देत नाहीत.

तुरुंगात शिवम भाजीच्या वाफ्यांवर काम करत होता. तिथे त्याने कोथिंबीर, मेथी आणि पालक ओळीत पेरायला शिकून घेतले. त्याच्या कोठडीत पुड्या मिळत. त्याने घेतल्या नाहीत. यात काही पराक्रम होता असे त्याला वाटत नाही. एकदा कुणी विचारले तेव्हा तो म्हणाला, वास आला की झाडे मोजलेली आठवतात.

तो फेब्रुवारी २०२५ मध्ये सुटला. घरी आला, आईच्या हातचे जेवला, आणि महिनाभर बैलांचे शेण काढण्यापलीकडे काही केले नाही. मार्चच्या तिसाव्या तारखेला पाडवा आला. सकाळी आंघोळ करून तो पायी तांड्यावर गेला.

भाऊसिंग दारात बाजेवर बसला होता. डोळ्यांवर जाड चष्मा होता. दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झाले होते. त्याने लांबूनच ओळखले.

“या,” तो म्हणाला. “बसा.”

शिवम बसला नाही. “काका, मले सालदार ठेवता का?”

भाऊसिंग आत तोंड करून म्हणाला, “गोमती, आयकलं का? तीन एकराले सालदार आला आपल्याले.”

आतून मंजू बाहेर आली. बारावी तिने दुसऱ्या वर्षी दिली होती, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, सुटीला आलेली. “ठेवा ना बाबा,” ती म्हणाली. “पोलीस आले म्हंजे त्याले दाखवून देता येईन.”

शिवम जागचा हलला नाही.

“मंजू,” भाऊसिंग म्हणाला, पण रागावून नव्हे. मग शिवमला म्हणाला, “सालदाराले पुरते पाह्यजे काई. मायापाशी काय हाय? जा घरी.” शिवम वळला, तेव्हा मागून तो म्हणाला, “खुडनीले या. श्रावनात. यंत्र नाई हाय मायापाशी.”

ऑगस्टच्या अठरा तारखेला शिवम गेला. तूर मांडीला लागत होती. भाऊसिंग त्याला ओळीच्या तोंडाशी घेऊन गेला, एक शेंडा दोन बोटांत धरून दाखवला. “इथून. नखानं. ओढाचं नाई.” शिवमने धरला, ओढला, फांदी सालीसकट उतरली. भाऊसिंगने ती हातातून घेतली, पाहिली आणि टाकून दिली. “हे झाड मेलं समजा. चाला पुढे.”

दुपारपर्यंत शिवमच्या चार ओळी झाल्या. भाऊसिंगच्या अकरा. शिवमच्या ओळी वर-खाली दिसत होत्या. सावलीत पाणी पिताना भाऊसिंग म्हणाला, “एक गोष्ट इचारू?”

“इचारा.”

“त्या ओळीत जाचं नाई, असं काहून सांगतलं तुमी मले? काय लावलं हाय थे मले दिसलंच नसतं. आंधराच होतो मी तवा.” त्याने तांब्या खाली ठेवला. “अन् दुसरी खुडनी झाली असती, तं तूर अशी पसरली असती का आत कुत्रं शिरलं तरी दिसलं नसतं. पोलीस तं सोडाच.”

शिवमने त्याच्याकडे पाहिले. भाऊसिंगचा चेहरा गंभीर होता, चष्म्याआड डोळे मात्र बारीक झाले होते. मग दोघेही हसले. भाऊसिंग आधी थांबला.

“सात महिने,” तो म्हणाला, आणि उठून पुढच्या ओळीला लागला.

उन्हे कलली तेव्हा धुऱ्यावरची अंबाडी राहिली होती. सुटीला घरी आलेली मंजू तिचे कोवळे शेंडे खुडून ओच्यात घेत होती. शिवम तिच्याजवळ जाऊन थांबला. तिने मान वर केली नाही. तो भाऊसिंगकडे वळला.

“काका, थोडी अंबाडी नेऊ का घरी? भाजीले.”

भाऊसिंगने चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला, आणि अंबाडीकडे, मग शिवमकडे पाहिले.

“न्या,” तो म्हणाला.

“शेंडे शेंडे घे,” मंजू झाडाकडे पाहतच म्हणाली. “जून पानं चिवट लागतात.” आणि तिने थोडे बाजूला सरकून त्याला जागा दिली.

संध्याकाळी कस्तुराबाईंनी ज्वारीच्या कण्या घालून भाजी शिजवली आणि वरून लसणाची फोडणी दिली. उकंडराव ताटावर बसले. पहिला घास घेतल्यावर त्यांनी विचारले, “कुठची हाय?”

“भाऊसिंगच्या वावरातली,” शिवम म्हणाला. “इचारून आनली.”

उकंडरावांचा हात ताटात तसाच राहिला. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि मान खाली घालून जेवू लागले. थोड्या वेळाने त्यांनी ताट पुढे सरकवले, आणि कस्तुराबाईंनी आणखी भाजी वाढली.